पोट वाढते, पोटरी आटते

महावीर जन्मकल्याणकाच्या निमित्ताने किंवा चातुर्मासात पुण्यातील संघ आणि मंडळे आरोग्य-तपासणीची शिबिरे भरवतात, तेव्हा वजनकाट्यापुढे हमखास रांग लागते. काट्यावरून उतरणाऱ्या काही ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर समाधान दिसते. ४० व्या वर्षी ७० किलो होते, आज ६८ व्या वर्षीही ७०च आहे! इतक्या वर्षांत वजन हलले नाही, म्हणजे देह जसाच्या तसा राहिला, असा हिशेब मनातल्या मनात झालेला असतो.

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला या हिशेबातील चूक समजावून सांगणे कठीण नाही. वखारीतील मालाची एकूण किंमत मागच्या दिवाळीइतकीच भरली, एवढ्यावरून पेढी सुस्थितीत आहे असे कोणी म्हणत नाही. उठाव असलेला माल घटला आणि पडून राहणारा माल तेवढ्याच किमतीने वाढला, तर बेरीज तीच येते. पण पेढीची ताकद मात्र गेलेली असते. उतारवयातील देहाचे असेच होते. स्नायू कमी होतात, मेद वाढतो, आणि दोन्हींची बेरीज सांगणारा काटा जागचा हलत नाही. बाहेरून दिसणारी खूण एकच: कमरेचा पट्टा एकेक भोक पुढे सरकतो आणि पायातले मोजे सैल होऊ लागतात. पोट वाढते, पोटरी आटते.

झीज कशी होते

स्नायूंचे प्रमाण साधारणपणे तिशीच्या आसपास सर्वाधिक असते. त्यानंतर दर १० वर्षांत ते सुमारे ३ ते ८ टक्क्यांनी घटत जाते आणि साठीनंतर हा वेग आणखी वाढतो. ताकद तर आकारापेक्षाही लवकर ओसरते. स्नायूंना हालचालीचा आदेश पोहोचवणाऱ्या चेतातंतूंची संख्या घटते. उरलेल्या स्नायूंचा कसही उतरतो. त्यातही झटपट हालचाल करणारे तंतू आधी बारीक होतात. म्हणूनच तरुण माणूस उंबरठ्यावर अडखळला तर पाऊल पुढे टाकून स्वतःला सावरतो, आणि वृद्ध मात्र सावरण्याआधीच जमिनीवर येतो.

या झिजेला वैद्यकशास्त्रात फार काळ स्वतंत्र नावही नव्हते. ‘वय झाले की असे व्हायचेच’, इतकेच म्हटले जाई. अमेरिकेतील पोषणतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८८ मध्ये तिला ‘सार्कोपेनिया’ हे ग्रीक शब्दांवरून बनवलेले नाव सुचवले. त्याचा अर्थ मांसपेशींचे दारिद्र्य. २०१६ मध्ये अमेरिकेतील रोगांच्या वर्गीकरणात या अवस्थेला स्वतःचा क्रमांक मिळाला. नाव मिळाल्याने एक गोष्ट साधली: जे केवळ वयाचे लक्षण मानले जात होते, ते मोजता येण्याजोगे आणि काही अंशी टाळता येण्याजोगे ठरले. स्नायूंची झीज आणि मेदाची वाढ एकाच देहात एकत्र नांदतात, तेव्हा तिला ‘सार्कोपेनिक ओबेसिटी’ म्हणतात. असा मनुष्य लठ्ठ दिसेलच असे नाही. हातपाय बारीक आणि पोट पुढे आलेले, हे तिचे नेहमीचे रूप आहे.

पुण्याने जगाला दिलेला धडा

वजनाच्या आकड्यावर विसंबू नये, हे जगाला पटवून देण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयातील मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच दोन चित्रे छापली. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता. काट्याच्या दृष्टीने दोघेही सारखेच सडपातळ. क्ष-किरणांच्या विशेष तपासणीत मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के मेद आढळला, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावत असत. याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी ते गाठण्यासाठी धावणे, अशी मिश्कील नोंदही त्या लेखात आहे. याज्ञिक यांचे जन्मवजन कमी होते, याकडेही त्यात लक्ष वेधले होते.

जन्मवजनाचा हा धागा महत्त्वाचा आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा जो अभ्यास सुरू झाला, त्यात इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांशी तुलना करण्यात आली. तिकडच्या बाळांचे सरासरी वजन ३.५ किलो होते, इकडच्यांचे २.७ किलो. इकडची बाळे सर्वच मापांनी लहान होती. पण स्नायू आणि पोटातील अवयव जितके लहान होते, तितका त्वचेखालचा मेद कमी नव्हता. ‘बारीक तरी मेदयुक्त’ ही भारतीय देहाची ठेवण अशा प्रकारे पाळण्यातच दिसून आली.

याचा ज्येष्ठांशी संबंध सरळ आहे. ज्या पेढीचे मुद्दलच मुळात थोडे, तिला तोटा लवकर जाणवतो. युरोपातील माणूस साठीला जेवढे स्नायू गमावतो, तेवढेच येथील माणसाने गमावले, तरी शिल्लक बेतास बात उरते. त्यातून गादीवर बसून दिवसाचे दहा-दहा तास काढणारा व्यवसाय असेल, तर स्नायूंची गंगाजळी भरणार तरी कशी? पूर्वी दुकानदार स्वतः ठाण उचलत, पोती हलवत, माळ्यावर चढून माल काढत. आता ती कामे नोकर करतात, आणि व्यवहाराचा बराचसा भाग मोबाईलवर होतो.

एक दुसऱ्याला खातो

स्नायू आणि मेद यांचे हे दोन बदल शेजारी-शेजारी घडतात एवढेच नव्हे, तर एक दुसऱ्याला वाढवतो. खरी अडचण येथे आहे.

जेवणानंतर रक्तात येणारी साखर इन्शुलिनच्या साह्याने उचलून साठवणारे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. हे कोठार लहान झाले की तीच पोळी, तोच भात खाऊनही साखर रक्तात अधिक काळ रेंगाळते, आणि जादा ऊर्जेची वाट मेदाकडे वळते. स्नायू घटल्याने विश्रांतीच्या अवस्थेत होणारा ऊर्जेचा खर्चही कमी होतो. ताकद कमी म्हणून हालचाल कमी, आणि हालचाल कमी म्हणून खर्च आणखी कमी. ताटात एक घासही न वाढवता पोट वाढते, ते यामुळे.

वाढलेला मेदही स्वस्थ पडून राहत नाही. विशेषतः पोटाच्या आत, यकृताभोवती साचलेला मेद शरीरात मंद दाह निर्माण करणारी द्रव्ये सोडत राहतो. ही द्रव्ये इन्शुलिनचे काम बिघडवतात आणि स्नायूंच्या विघटनाला हातभार लावतात. मेद पुढे स्नायूंच्या तंतूंमध्येही शिरतो. मग मांडीचा घेर पूर्वीइतकाच भरला, तरी तिच्यात पूर्वीचे बळ राहत नाही. वयानुसार बदलणारे अंतःस्राव यात भर घालतात. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचा मेद मांड्या आणि नितंबांकडून पोटाकडे सरकतो. स्त्रियांकडे स्नायूंची पुंजी पुरुषांपेक्षा आधीच कमी असल्याने घरातील आजी या चक्रात लवकर सापडते.

आणखी एक बदल फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. तरुणपणी जेवणातील जेवढ्या प्रथिनांवर स्नायूंची डागडुजी होते, तेवढ्यावर ती उतारवयात होत नाही. त्याच कामाला अधिक प्रथिने लागतात. आणि नेमके याच वयात ताटातील प्रथिने घटत जातात.

पडून राहण्याने किती नुकसान होते, हे अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून दिसले. सरासरी ६७ वर्षे वयाच्या १२ निरोगी स्वयंसेवकांना केवळ १० दिवस अंथरुणावर ठेवले. तेवढ्यात त्यांच्या पायांतील जवळजवळ १ किलो स्नायू नाहीसे झाले. आजारी नसलेल्यांची ही गत, तर तापाने किंवा शस्त्रक्रियेने पंधरा दिवस पडून राहिलेल्या वृद्धाची कल्पना करावी.

पणाला काय लागले आहे

हा केवळ दिसण्याचा किंवा अहवालातील आकड्यांचा विषय असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. मांड्यांतील आणि पोटऱ्यांतील बळावर म्हातारपणीचे स्वातंत्र्य अवलंबून असते. स्नानगृहात आधाराविना उठता येणे, रिक्षात चढता-उतरता येणे, रात्री दिवा न लावता पाणी प्यायला जाता येणे, या साध्या गोष्टी गेल्या की मनुष्य परावलंबी होतो. पडण्यातून खुब्याचे हाड मोडले, तर अनेकांचे पुढचे चालणेच संपते.

धर्मक्रियाही याच बळावर उभी आहे. ४८ मिनिटांच्या सामायिकात आसनावर स्थिर बसणे, प्रतिक्रमणात वारंवार उठणे आणि गुडघे टेकणे, उभ्याने कायोत्सर्ग करणे, वंदनेसाठी पंचांग नमवून पुन्हा उभे राहणे, या साऱ्यांसाठी पाय मजबूत हवेत. स्थानकांत आणि मंदिरांत भिंतीकडेच्या खुर्च्यांची रांग वर्षागणिक लांबत चालली आहे, हे नजरेतून सुटणारे नाही. ज्याला गुडघ्याचा विकार आहे, त्याने खुर्ची घेणे योग्यच. परंतु केवळ सवयीने घेतलेली खुर्ची पुढे सुटत नाही. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढण्याचा मनोरथ बाळगणाऱ्याने त्याची तयारी यात्रेच्या आदल्या महिन्यात नव्हे, वर्षानुवर्षे करायची असते.

टेप घ्या, घड्याळ घ्या

तपासणीसाठी महागड्या यंत्राची गरज पहिल्या पायरीवर लागत नाही. कापड मोजण्याचा टेप आणि सेकंद दाखवणारे घड्याळ पुरेसे आहे.

पहिले माप कमरेचे. भारतीयांसाठी पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरपर्यंत आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपर्यंत असावी, असा दंडक आहे. दुसरे माप पोटरीचे, जेथे ती सर्वांत जाड असेल तेथे. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये दिलेल्या निकषांनुसार पुरुषांची पोटरी ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांची ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर पुढील तपासणी करून घ्यावी. पायांवर सूज असेल तर हे माप फसवे ठरते. तिसरी चाचणी खुर्चीची. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवर बसून, हात छातीशी घडी करून, सलग पाच वेळा उठावे आणि बसावे. याला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला, तर ती धोक्याची सूचना समजावी. चाचणी करताना घरातील कोणीतरी शेजारी उभे असणे आवश्यक आहे.

कंबर मोठी, पोटरी बारीक आणि उठण्यास उशीर, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर काट्यावरील वजन कितीही ‘योग्य’ असले तरी डॉक्टरांशी बोलण्यास विलंब करू नये.

ताटाचा जमाखर्च

पासष्टीपुढील निरोगी व्यक्तीने शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. आता अनेक घरांतील ज्येष्ठांचे ताट पाहावे. सकाळी चहा आणि दोन खाकरे, दुपारी दोन फुलके, पातळ वरण, थोडी भाजी, चार घास भात, दुपारचा चहा, सूर्यास्तापूर्वी मऊ खिचडी आणि अर्धा पेला दूध. या साऱ्यांची बेरीज जेमतेम ३० ते ३५ ग्रॅम भरते. पोट भरते, पण गरजेच्या निम्मीच जमा होते. दात सैल झाले, पचन मंदावले, म्हणून ताट हळूहळू मऊ आणि पिष्टमय होत जाते. आणि मधल्या भुकेला फरसाणाचा डबा हाताशी असतोच.

शाकाहारात, आणि जैन आहाराच्या मर्यादांतही, ही तूट भरून काढणे अशक्य नाही. ३० ग्रॅम कोरड्या डाळीतून सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात, २०० मिलिलिटर दुधातून ६ ते ७, ५० ग्रॅम पनीरमधून सुमारे ९ आणि ३० ग्रॅम फुटाण्यांतून सुमारे ६ ग्रॅम. वरण पातळ न करता घट्ट करावे, खिचडीत तांदळाइतकीच मुगाची डाळ घालावी, सकाळच्या खाकऱ्याच्या जोडीला मुगाचा चिला आणि पेलाभर दूध असावे. तिथीच्या दिवशी हिरवी भाजी वर्ज्य म्हणून पिढ्यान्‌पिढ्या केले जाणारे बेसनाचे गट्टे, मंगोडीची भाजी, डाळ-ढोकळी हे पदार्थ या दृष्टीने मोलाचे आहेत. मात्र त्यांवर तेला-तुपाची धार बेताने धरावी. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरांत कच्चे दही आणि डाळ एका जेवणात न घेता दही निराळ्या वेळी घेता येते.

वेळेचे गणितही पाहिले पाहिजे. चौविहार करणाऱ्याचे शेवटचे अन्न सूर्यास्तापूर्वी आणि पहिले अन्न नवकारशीनंतर. मध्ये १२ तासांहून अधिक अंतर पडते. लवकर जेवणे हितकारकच आहे. पण उरलेल्या दिवसातील प्रत्येक आहारात २० ते २५ ग्रॅम प्रथिने येतील अशी वाटणी करावी लागते. एकाच वेळी सगळे खाऊन ते साधत नाही.

दुसरी तूट जीवनसत्त्व बी-१२ ची. केईएम रुग्णालयातून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४४१ पुरुषांच्या अभ्यासात पुण्यातील शहरी मध्यमवर्गीयांपैकी ८१ टक्के पुरुषांत त्याचे प्रमाण कमी आढळले होते. या कमतरतेने चेतातंतू दुबळे होतात, पायांना मुंग्या येतात, तोल जातो; स्नायू कितीही असले तरी त्यांना आदेश देणारी तारच कमकुवत होते. बी-१२ आणि डी जीवनसत्त्वाची पातळी रक्त तपासून कळते. औषध घ्यावे लागले, तर कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य, असू शकते. औषधविक्रेत्याला विचारून गोळीच्या रूपात किंवा शाकाहारी आवरणात ते मिळवावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांची संमती घेणे अनिवार्य आहे.

तप आणि शक्ती

पर्युषणात अठ्ठाई करणारे, वर्षीतपाची आराधना करणारे अनेक ज्येष्ठ समाजात आहेत, आणि त्यांच्या श्रद्धेपुढे मस्तक नमते. तपाचे मोल किलोग्रॅममध्ये मोजायचे नसते. परंतु देहाचे नियम माहीत असणे तपस्वी व्यक्तीच्याही हिताचे आहे. उपवासात साठवलेली साखर संपल्यावर शरीर मुख्यतः मेद वापरते, पण त्याबरोबर स्नायूंतील प्रथिनेही काही प्रमाणात खर्ची पडतात. तरुणाचा हा तोटा पारण्यानंतरच्या आहाराने आणि हालचालीने भरून येतो. वृद्धांच्या बाबतीत मेद जितक्या सहज परततो, तितक्या सहज स्नायू परतत नाहीत. म्हणून पारण्यानंतरचे दिवस मिष्टान्नाचे न होता डाळी, दूध आणि रोजच्या हालचालीचे असावेत.

तप यथाशक्ती करावे, असेच शास्त्र सांगते. शिवाय बारा प्रकारच्या तपांत अनशन हा एक प्रकार आहे. ऊणोदरी, रसपरित्याग हे बाह्य तपाचे आणि विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, ध्यान हे आभ्यंतर तपाचे प्रकारही तितकेच तप आहेत. ज्यांची पोटरी आटली आहे, ज्यांना मधुमेहाची औषधे चालू आहेत, त्यांनी दीर्घ उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी आपली प्रकृती गुरुभगवंतांना सांगावी आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्यात श्रद्धेची उणीव नाही.

हीच सावधगिरी वजन उतरवण्याच्या इतर उपायांतही हवी. केवळ खाणे तोडून किंवा आता मिळू लागलेल्या इंजेक्शनांनी वजन उतरवले, तर उतरलेल्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो. अमेरिकेत ६५ वर्षांपुढील १६० स्थूल व्यक्तींवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार नियंत्रित करून केवळ चालण्यासारखा दमाचा व्यायाम करणाऱ्यांचे स्नायूंसह मेदरहित वजन ५ टक्क्यांनी घटले. वजने उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांचे २ टक्क्यांनी. दोन्ही व्यायाम करणाऱ्यांची रोजच्या हालचालींची क्षमता सर्वांत जास्त सुधारली.

नव्वदीतही उशीर झालेला नसतो

सारसबागेत सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांची संख्या पुण्यात थोडी नाही. चालणे हृदयाला आणि मनाला उत्तमच. परंतु सपाट रस्त्यावरील संथ चालण्याने स्नायूंना वाढण्याइतका भार मिळत नाही. स्नायू भाराविरुद्ध काम केल्यानेच टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ज्येष्ठांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम श्रमांबरोबरच किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगितले आहेत.

व्यायामशाळेचे दार पाहिलेच पाहिजे असे नाही. खुर्चीवरून हातांच्या आधाराविना दहा वेळा उठणे-बसणे. ओट्याला धरून टाचा उचलणे. भिंतीला तळहात टेकवून शरीर मागे-पुढे ढकलणे. पाण्याने भरलेली बाटली खांद्यापर्यंत उचलणे. लिफ्ट सोडून एक मजला जिन्याने चढणे. सोपे वाटू लागले की भार थोडा वाढवायचा, हे यातील मर्म. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी पर्वतीच्या पायऱ्यांचा उपयोग करावा. छातीत दुखणे किंवा चक्कर येणे असा त्रास असणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी.

आता या वयात काय होणार, हा प्रश्न साठीतच विचारला जातो. त्याचे उत्तर १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगाने दिले आहे. वृद्धाश्रमातील सुमारे ९० वर्षांच्या दहा दुर्बल व्यक्तींना देखरेखीखाली आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला. तो पुरा करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी, म्हणजे अडीचपटीहून अधिक वाढली. नव्वदीतील स्नायूही कामाला लावला तर प्रतिसाद देतो.

घरातील माया

शेवटची गोष्ट मुलांसाठी आणि सुनांसाठी आहे. ‘बाबूजी, तुम्ही बसा, मी आणून देते’, ‘दादीसा, तुम्ही कशाला उठता’, हे शब्द संस्कारी घराची खूण आहेत आणि त्यांमागील माया खरी आहे. तरीही दिवसभरात वीस वेळा उठण्याची संधी अशा मायेने हिरावली जाते. दुकानाच्या किल्ल्या मुलांकडे सोपवल्यावर वडिलांचे जिना चढणेही थांबते, आणि वर्षभरात पाय उतरतात. ज्येष्ठांना जे करता येते ते त्यांच्याकडून करवून घेणे, हा अनादर नाही. पाणी त्यांनी स्वतः उठून घ्यावे, धान्य निवडायला आजीने खाली बसावे आणि स्वतः उठावे, सकाळचा एक तास वडिलांनी दुकानात उभे राहून काढावा. पडतील अशी भीती असेल तर शेजारी उभे राहावे, पण त्यांच्या वाटचे उठणे त्यांच्याकडेच ठेवावे.

दिवाळीत वहीपूजन करून व्यापारी घरे नव्या वर्षाचे खाते मांडतात. त्याच दिवशी घरातील साठीपुढील प्रत्येकाची कंबर आणि पोटरी टेपने मोजून, पाच वेळा खुर्चीवरून उठण्यास किती सेकंद लागले ते तारखेसह एका वहीत लिहून ठेवावे. पुढच्या दिवाळीला ही तीन मापे जुन्या आकड्यांशेजारी मांडली की वजनकाट्याने जे सांगितले नाही, ते घरातील कोणालाही वाचता येईल, आणि वेळीच काही करताही येईल.